अर्धा व्होल्ट

आधी अंगठी तापली आणि मग दुखलं, की आधी दुखलं आणि मग कळलं, हे सोंदेसला नीट सांगता आलं नसतं. प्रयोगशाळेतल्या तिच्या टेबलावरच्या बोर्डाच्या कडेला तांब्याच्या दोन जाड पट्ट्या होत्या. एकीतून वीज बाहेर पडायची, दुसरीतून परत यायची, आणि दोन्हींच्या मधे बोट शिरेल एवढीच जागा. मोजणीची एक केसासारखी वायर तिथं निसटून पडली होती. ती चिमटीत धरायला तिनं डावा हात आत घातला आणि अनामिकेतली सोन्याची अंगठी दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकली. ठिणगी उडाली नाही, आवाज झाला नाही. पंख्याची घरघर जशी होती तशीच राहिली. हात मात्र तिला न विचारताच मागं आला होता, छातीशी चिकटला होता, आणि ती त्याच्याकडे परक्या माणसाच्या हाताकडे बघावं तशी बघत होती. मग बोटाभोवती तापलेल्या तारेचं कडं आवळल्यासारखं झालं आणि तिच्या तोंडून एक बारीकसा, पोरकट आवाज निघाला.

पलीकडच्या टेबलावरून ओमैमा धावत आली. सोंदेसच्या गटातली सगळ्यात तरुण मुलगी, जिभेला हाड नसलेली; सोंदेसला मानानं 'लेल्ला', म्हणजे ताई, म्हणायची आणि तरी काहीही बोलायची. तिनं सोंदेसला मनगटाला धरून नळाखाली नेलं. पाणी ओतत असतानाच बोट अंगठीभोवती सुजायला लागलं होतं.

"लेल्ला सोंदेस, अर्ध्या व्होल्टानं भाजलं म्हणून सांगितलंत तर डॉक्टर तुमचं डोकं तपासतील."

"मग इस्त्रीनं भाजलं म्हणून सांगू."

"तुम्ही आणि इस्त्री? त्यावर तर अजिबातच विश्वास बसायचा नाही."

अरियाना उपनगरातल्या दवाखान्यात नर्सनं छोट्या चक्रीच्या कातरीनं अंगठी कापली, मलम लावून पट्टी बांधली, आणि दोन तुकडे झालेलं सोनं कापसात गुंडाळून तिच्या हातावर ठेवलं. तुमचीच ना, तिनं विचारलं. सोंदेस म्हणाली, आईची. हिवाळ्यात आई गेली तेव्हापासून ती तिच्या बोटात होती. गाडीत बसल्यावर तिनं कापूस उलगडला. अंगठी कुठंही काळी पडली नव्हती. फक्त दोन ठिकाणी, जिथं ती पट्ट्यांना टेकली होती तिथं, सुईच्या टोकाएवढे दोन खळगे पडले होते. सोनं वितळलं होतं. रिमोटमधल्या सेलच्या एक तृतीयांश दाबानं सोनं वितळलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते वेगळंच काहीतरी. ट्यूनिसच्या रस्त्यावर, दुपारच्या वाहनांच्या कडेला, चावी न फिरवता ती तशीच बसून राहिली आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला. वीस वर्षं जे तिच्या टेबलावर वाहत होतं ते आज पहिल्यांदा तिला शिवलं होतं.

वीस वर्षं ती एकच गोष्ट करत आली होती: मोठ्या दाबाची वीज घेऊन तिला लहान करायचं. आकडेमोड करणाऱ्या मोठ्या चिपांना आता अर्धा व्होल्टच पुरायचा, त्याहून जास्त त्यांना सोसायचाच नाही. पण त्या अर्ध्या व्होल्टावर त्यांना तीनशे अँपिअरचा प्रवाह लागायचा. नवीन मुलं आली की ती त्यांना मेजर्दा नदीचं उदाहरण द्यायची. डोंगरात ती अरुंद घळीतून उसळत येते. पुरात खाली शेतांवर पसरते तेव्हा पाणी घोट्याला लागेल एवढंच, पण नजर जाईल तिथवर पाणीच पाणी. तेच पाणी. घोटाभर पाण्याला वाटेतला प्रत्येक दगड, प्रत्येक गवताची काडी अडवते. अर्ध्या व्होल्टाचं तसंच. तांब्याची वाट जरा लांबली, टाका जरा पातळ पडला की तिथंच सगळं मुरून जातं, उष्णता होऊन. ही नदी एक थेंब न सांडता चिपच्या दारापर्यंत न्यायची, एवढंच तिचं काम. आणि सध्या ती सांडत होती. शंभरातले सतरा थेंब वाटेत जात होते. हिशेबानं बारा जायला हवे होते. पाच थेंब कुठं जातायत हे गटातल्या कुणालाच सापडत नव्हतं, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती उत्तरेकडच्या थंड देशातली माणसं गुरुवारी स्वतः बघायला येणार होती. पाच थेंब सापडले नाहीत तर ती दुसरीकडे जातील, गट मोडेल, आणि पोरं नोकरीसाठी फ्रान्समधल्या ग्रनोबलला नाहीतर म्युनिकला पांगतील. सोंदेसला कुठंतरी दुसरं काम मिळालंच असतं. पण हे टेबल, हे अर्ध्या व्होल्टाचं पाणी सोडून जायचं हे तिच्या मनाला पटतच नसे.

हाताचं तिला राहून राहून नवल वाटत होतं. दुखल्याचं तिला कळलं त्याआधी हात मागं आला होता. म्हणजे मधे एक वेळ होती, जिच्यात ती नव्हती. हात होता, आग होती, आणि ती स्वतः अजून यायची होती. गाडी चालवताना, सिग्नलला थांबताना तिला ती वेळ पुन्हा पुन्हा आठवायचा प्रयत्न करावासा वाटला. तिथं आठवण्यासारखं काही नव्हतंच, आणि म्हणूनच मन तिथं परत परत जात होतं, पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं.

घरी जिन्यातच कडू नारिंगाच्या फुलांचा वास आला. बाबांनी बाजारातून टोपलीभर फुलं आणली होती आणि आईचं तांब्याचं अर्क काढायचं भांडं चुलीवर चढवलं होतं. दर वसंतात आई हे करायची. यंदा बाबा करत होते, कुणाला न सांगता, चष्मा कपाळावर चढवून. नळीच्या तोंडाला लावलेल्या बाटलीत थेंब थेंब अर्क पडत होता. त्यांनी मान वर करून पट्टीकडे पाहिलं.

"काय झालं?"

"इस्त्री."

"इस्त्रीनं अंगठीपण काढून घेतली?"

ती स्टुलावर बसली आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. बाबा, म्हणजे हेदी, आयुष्यभर वीजमंडळात होते, बेजाकडच्या उंच तारांवर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शेजारीपाजारी त्यांना अजून मानानं तारवाले 'सी' हेदी म्हणूनच ओळखायचे. मुलीच्या कामाची ते चारचौघांत चेष्टा करायचे. माझी पोरगी मुंगीला शेक द्यायची वीज बनवते, म्हणायचे. पुढच्या वर्षी डासांसाठी बनवणार आहे. आज ते हसले नाहीत. अंगठीचं तर त्यांनी नावही काढलं नाही. तिचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला, पट्टीच्या कडेनं दिसणाऱ्या कातडीकडे पाहिलं, बोटं एकेक करून वाकवून पाहिली. ती लहान असताना ताप बघायचे तसे.

"तुला मोठ्या विजेत जाऊ दिलं नाही मी," ते म्हणाले. "आठवतं? केवढी भांडली होतीस."

"आठवतं."

"म्हटलं, ही बारकी वीज शिकेल तर निदान जिवंत राहील."

"जिवंत आहे की मी, बाबा."

त्यांनी हात सोडला आणि चुलीची आच कमी केली. मग तिच्याकडे पाठ करूनच त्यांनी बशीरचं सांगितलं. बशीर त्यांच्या जोडीचा. तिला त्याचं नाव माहीत होतं, त्यानं आणलेले हिरवे बदाम आठवत होते, आणि एक संध्याकाळ आठवत होती: बाबा बूट न काढता बिछान्यावर बसून होते आणि आईनं दाराबाहेर उभं राहून सगळ्या मुलांना गप्प केलं होतं. त्यापलीकडचं घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मेजेझच्या अलीकडे तार तुटली होती, बाबा सांगत होते. वीज बंद करायला इकडचा खटका बाबांनी स्वतः पाडला होता. तिकडून कुणीतरी, दुसऱ्या गावाला अंधारात ठेवायला नको म्हणून, दुसरा चढवला, आणि तार पुन्हा जिवंत झाली. दोन्हींच्या मधे जेवढा वेळ जायला हवा होता तेवढा गेला नाही. बशीर वर होता.

"त्यानंतर मी वर चढायच्या आधी खांबाखाली उभा राहून एक सिगरेट ओढायचो. पुरी. सगळी गावं अंधारात, बायका दारात येऊन शिव्या देतायत, साहेब फोनवर ओरडतोय, आणि मी सिगरेट ओढतोय. लोक म्हणायचे, सी हेदीला तारेपेक्षा तंबाखू प्यारी."

"पण नंतर तुम्हाला काठी दिली होती ना? तारेजवळ नेली की वाजणारी."

"दिली होती. चांगली होती काठी. कधी खोटं बोलली नाही."

"तरी सिगरेट ओढायचात?"

"काठीवर विश्वास होता गं," बाबा म्हणाले. "माझ्यावर नव्हता."

बाटलीत थेंब पडत राहिले. सोंदेस त्यांच्या पाठीकडे बघत होती, खांदे किती उतरलेत ते बघत होती, आणि त्याच वेळी तिला टेबलावरची, वीज लहान करणारी तिची स्वतःची चिप आठवली. हे आता मनात यायला नको होतं, त्यांच्या या दुःखाच्या ऐन मधे; तिला लाज वाटली; पण विचार आला होता आणि आता तो परत जाणार नव्हता. तिच्या चिपमध्येही दोन दारं होती. वरचं दार उघडलं की मोठ्या दाबाची वीज आत झेप घ्यायची. ते मिटलं की खालचं उघडायचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात एकदा चालू झालेला प्रवाह पुढं जात राहील. तो थांबत नाही, उतारावरच्या भरल्या गाडीसारखी त्याला स्वतःची ओढ असते. सेकंदात दहा लाख वेळा, एक मिटायचं आणि दुसरं उघडायचं. दोन्ही कधीही एकदम उघडी राहता कामा नयेत. राहिली तर चिप जाते. एकदा गेली होती, तिच्या डोळ्यांसमोर, फुटाणा फुटावा तसा आवाज करून; झाकणाचा तुकडा तिच्या गालाला लागला होता. म्हणून मधे एक फट ठेवायची, जिच्यात दोन्ही दारं बंद. आणि त्या फटीत प्रवाह काय करतो? थांबता तर येत नाही. मग बाजूच्या चिंचोळ्या वाटेनं रेटून जातो, आणि ती वाट जकात घेते. पूर्वी, दाब मोठे होते तेव्हा, ती जकात कुणाच्या ध्यानातही येत नसे. आता नदीच घोटाभर होती आणि जकात गुडघाभर. ती फट सोंदेसनंच ठेवली होती. सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजावी एवढी. प्रकाश तेवढ्यात खिडकीपासून दारापर्यंत जेमतेम पोचला असता. सगळ्यांनी ती फट नगण्य धरली होती, तिनंही. खरं तर त्याच चिपमध्ये तिनं एक छोटा भाग बसवला होता, जो वरचं दार मिटल्याचं स्वतः ओळखेल आणि लगेच खालचं उघडेल. तो तिनं बनवला होता, तपासला होता, आणि झाकून ठेवला होता. त्याची जागा घेतली होती एका ठरलेल्या, ऐसपैस, सुरक्षित वेळेनं. दर खेपेला, सेकंदाला दहा लाख वेळा, ती खांबाखाली उभी राहून पुरी सिगरेट ओढत होती.

ती उठली आणि तिनं बाबांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं बशीरसाठी. ते तसंही होतं.

सकाळी तिनं मोंधेरला त्या फटीचं सांगितलं. मोंधेर गटाचा प्रमुख. दोघं एकाच वर्गात शिकलेले. त्यामुळे तो तिच्यावर ओरडू शकत नसे आणि ती त्याचं ऐकत नसे.

"धड चिप एकच उरलीय," तो म्हणाला. "दुसरी हातात पडेपर्यंत उन्हाळा येईल."

"म्हणून तर तुला आधी विचारतेय."

"विचारत नाहीयेस, सांगतेयस. वीस वर्षं ओळखतो मी तुला."

"शंभरातले त्र्याऐंशीच पोचले तर ते पाहुणे हो म्हणतील असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. पण त्र्याऐंशी दाखवता तरी येतात. फुटकी चिप दाखवून काय म्हणू, सोंदेस? बघा, आम्ही किती शूर?"

तिच्याकडे बांधलेलं बोट होतं आणि काल ज्यात ती नव्हती ती वेळ होती. हाताला कुणी थांब म्हणून सांगितलं नव्हतं, किती थांब हेही सांगितलं नव्हतं. त्यानं आग ओळखली आणि तो निघाला. हे मोंधेरला सांगून त्याला पटलं नसतं. तो म्हणाला, मी कॉफी आणायला जातो, मी इथं नव्हतो. पण तो दारापर्यंत जाऊन परत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

ओमैमानं बोर्डावर जाड पारदर्शक झाकण ठेवलं. पडद्यावर दारांची उघडझाप रेषेनं उमटत होती: वर, खाली, वर, खाली, आणि प्रत्येक खाली उतरण्याच्या कडेला शून्याच्या रेषेखाली एक बारीक खाच. ती खाच सगळ्यांनी हजार वेळा पाहिली होती. ती म्हणजेच ती फट, तीच जकात; तिथं पडद्यावर, उघड्यावर, रोज बसलेली. सोंदेसनं ठरलेली वेळ थोडी कमी केली. खाच अरुंद झाली. आणखी थोडी. आणखी थोडी. आता प्रकाश तेवढ्या वेळात टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचला नसता. इथून पुढं माणसानं ठरवलेली कुठलीच वेळ चालणार नव्हती. चिप तापली, भार वाढला की दारांची चाल बदलते. तिनं उजव्या हातानं कळ दाबली आणि झाकून ठेवलेला तो भाग मोकळा केला.

काहीच फुटलं नाही. पडद्यावरची खाच मिटली होती. जवळून पाहिलं तर तिच्या जागी एक पुसट कंप होता. ओमैमानं भार वाढवला, तसा तो कंप किंचित सरकला. कमी केला, तसा परतला. दर खेपेला दार आपली वेळ स्वतः शोधत होतं, आणि दर खेपेची वेळ आधीच्या खेपेहून कणभर निराळी होती. सोंदेसनं ते सगळं स्वतः आखलं होतं, त्यातला प्रत्येक कण तिला ठाऊक होता. तरी पडद्यासमोर तिला वाटलं की हे तिनं केलेलं नाही. ती फक्त बाजूला झाली होती. प्रकाशालाही हातभरापलीकडे जाता येऊ नये एवढ्या जागेत एक दार दुसऱ्या दाराची चाहूल घेत होतं, तीनशे अँपिअरची नदी त्यांच्या हातातून हातात जात होती, आणि मधे एक थेंबही पडत नव्हता.

"अठ्ठ्याऐंशी," ओमैमा म्हणाली. "आणि वर थोडे."

"मोजणी चुकली असेल," मोंधेर भिंतीपासून न हलता म्हणाला. "पुन्हा घे."

तिनं पुन्हा घेतली. पुन्हा तेच. मग मोंधेर खरोखरच कॉफी आणायला गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि कॉफी त्यानं आणली नव्हती.

गुरुवारी पाहुणे आले, मोजून समाधान होईपर्यंत बसले, आणि काम गटाकडेच राहिलं. ओमैमा तरीही जाणार होती. तिचं ग्रनोबलच्या नोकरीचं पत्र आधीच आलं होतं आणि तिनं ते नाकारलं नाही. "तुमच्यासाठी थांबले तर तुम्हालाच आवडणार नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं, आणि सोंदेसला वाईट वाटलं.

बाबा म्हणाले, मला बघायचंय. शनिवारी इमारतीत कुणी नसताना ते पाहुण्यांसारखे कोट घालून आले. प्रयोगशाळेच्या दारातून आत आल्याबरोबर त्यांचे दोन्ही हात पाठीमागं गेले आणि उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलं. विजेच्या खोलीत ते असेच वावरत, बिनकामाचा हात कधी पुढं नाही. टेबलाशी वाकून ते बघत राहिले. बघण्यासारखं फार नव्हतं: तळहाताएवढा बोर्ड, तांब्याच्या दोन पट्ट्या, पंखा.

"चालू आहे?"

"चालू आहे."

"किती?"

"तीनशे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, ती चेष्टा करतेय का ते बघायला. "एवढ्यात तर टेस्टूर आणि आजूबाजूची सगळी खेडी उजळली असती."

"दाब नाही ना त्याला, बाबा. अर्धा व्होल्ट फक्त."

"दाब नसू दे. जातेय तर खरी."

खाली कुणीतरी गाडीचं दार लावलं. मग त्यांनी हात पुढं आणले, स्टीलचं घड्याळ काढून कोटाच्या खिशात ठेवलं आणि बोटांत काही नाही ना हे स्वतःशीच पाहून घेतलं. तारेवरची जुनी माणसं करतात तसं त्यांनी आधी हाताची पाठ जवळ नेली, म्हणजे झटका बसला तर हात आपोआप आत मिटेल. पाठ पट्टीला टेकवली, उचलली. मग हात उलटा केला. तीस वर्षांत या माणसानं जिवंत तारेला उघडं बोट लावलं नव्हतं. आता त्यांनी दोन बोटं दोन्ही पट्ट्यांवर ठेवली, एक जाणारीवर, एक येणारीवर, आणि डोळे मिटले.

सोंदेसनं पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. शेवटच्या घरातसुद्धा काही हललं नव्हतं; अर्धा व्होल्ट धातूतून धावतो, माणसाच्या कातडीतून त्याला जाता येत नाही. नदीला तिच्यात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याचं भानही नव्हतं.

"वाहतेय?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"वाहतेय, बाबा."

त्यांचे ओठ हलले, बशीरचं नाव घेतल्यासारखे. पुढं काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. बोटं त्यांनी उचलली नाहीत.